पाठकोरे

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी निवृत्तिवेतन कचेरीच्या तीन नंबरच्या खिडकीतून एका म्हाताऱ्या माणसाला चिठ्ठी मिळाली: ‘मंगळवारी या.’ तो दारापर्यंत गेला. तारीख लिहिली आहे का पाहायला त्याने चिठ्ठी उलटली. मग माघारी आला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहिला.

तो दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर होता. बायको गेल्या महिन्यात वारली. तीस वर्षं ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. तिने मरणाआधी नऊ दिवस इथे दिलेला एक अर्ज त्याला परत हवा होता. दुसरं काही नको, फक्त तो कागद, असं त्याने दोनदा सांगितलं होतं. दप्तर सांभाळणारा मंगळवारपर्यंत रजेवर आहे, म्हणून खिडकीवरच्या बाईंनी चिठ्ठी दिली होती. जुने कागद मागणाऱ्या सगळ्यांनाच सकाळपासून त्या हीच चिठ्ठी देत होत्या.

चिठ्ठ्या पाठकोऱ्या कागदांच्या होत्या. एका बाजूने कोरा असलेला कागद टाकायचा नाही, चार तुकडे करून त्याची वही शिवायची, ही पद्धत बाईंनी आठ महिन्यांपूर्वी सुरू केली. जेवणाच्या सुट्टीत दिवे बंद, चहाला ज्याचा त्याचा कप घरचा, हेही त्यांचंच. भिंतीवर त्यांनी लिहून लावलं होतं, ‘एक कागद, दोन जन्म.’ शेजारचा कारकून म्हणायचा, आमची पाठ कोरी दिसली तर बाई तिच्यावरही लिहितील.

पेंटरचा नंबर आला. त्याने चिठ्ठी उलटी करून खिडकीच्या फळीवर ठेवली.

“बाई, हे आमच्या हिचं अक्षर आहे.”

बाई म्हणाल्या, अशी अक्षरं पुष्कळांची असतात. त्याने शिरोरेघेवर बोट ठेवलं. रेघ शब्दाशब्दाला तुटत नव्हती. ओळभर एकच होती आणि अक्षरं तिला खालून लटकली होती. तो सावकाश सांगत गेला. ती बासष्टाव्या वर्षी लिहायला शिकली, त्याच्याकडेच. पाटीवर गिरवायची आणि दिवे लागायच्या वेळी पुसून टाकायची. शब्द संपला की रेघ उचल, म्हणून तो तिच्यावर चिडायचा.

“ती म्हणायची, आधी दोरी, मग कपडे.”

कागदावर तिने आयुष्यात एकदाच लिहिलं. ‘यापुढे माझा अंगठा न धरता सही धरावी.’ तोच हा अर्ज.

बाईंना आठवलं. ती गेल्याचा तिच्या मुलाचा फोन आला होता. अर्जदार मयत, अर्ज निकाली, असा शेरा मारलेला. निकाली अर्ज संगणकात चढवत नसत. पाठ कोरी होती. पाठकोऱ्यांच्या खोक्यात त्यांनीच टाकला होता.

त्यांनी खिडकी बंद केली. रांगेत कुरकुर झाली. आत सगळ्यांनी आपापल्या वह्या उलटून पाहिल्या. शेजारच्या कारकुनाने आपली वही दोनदा पाहिली. दुसरा तुकडा बाईंच्याच वहीत निघाला. तिसरा शिपायाच्या खिशात होता, मागे चहाची यादी, दोन बिनसाखर. चौथा, खालचा उजवा, सहीचा, कुठे नव्हता. त्या दिवशी सकाळपासून चौदा चिठ्ठ्या गेल्या होत्या.

बाई बाहेर आल्या. तिन्ही तुकडे त्यांनी त्याच्या हातात ठेवले.

“काका, माझ्याच हातून झालं.”

“तुम्ही तरी काय करणार,” तो म्हणाला. “मागून कोराच होता.”

बाईंनी टाचणी पुढे केली. त्याने मान हलवली आणि तुकडे चष्म्याच्या घरात ठेवले. चष्मा खिशात गेला.

संध्याकाळी बाईंनी आठ महिन्यांत पहिल्यांदा कोरा करकरीत कागद घेतला आणि खिडकीवर लावला: ‘येथून मिळालेली चिठ्ठी फेकू नये. येताना आणावी.’

मंगळवारी पेंटर कचेरी उघडायच्या आधीच दाराशी होता. दिवसभर तो बाकावर बसला. आठ चिठ्ठ्या परत आल्या. बाईंनी एकेक उलटून पाहिली. मागे परिपत्रकं होती, रजेचे अर्ज होते, विजेच्या वापराचा तक्ता होता. दोघांनी वार लक्षात ठेवून चिठ्ठी फेकली होती. दोघं आलेच नाहीत. पेंटरची धरून तेरा झाल्या.

चौदावी एका म्हातारीकडे होती. ती आली रिकाम्या हातांनी. वाचता येत नाही, वार शेजारणीने सांगितला, चिठ्ठी मात्र घरी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहे, असं ती म्हणाली. सरकारी कागद फेकू कसा? मागे काय लिहिलं आहे, असं बाईंनी विचारलं. पेंटर बाकावरून उठून उभा राहिला होता.

“दोन्हीकडे लिहिलंय, एवढं कळतं,” म्हातारी म्हणाली. “आणते की पुढच्या मंगळवारी.”

त्यानंतर तीन मंगळवार झाले. ती आलेली नाही. पेंटर येतो. बाईंनी म्हातारीची नोंद काढून पाहिली. पत्ता जुना निघाला, ती चाळ आता तिथे नाही. सहीच्या जागी अंगठा आहे.