सुस्थिती

चांगुणाबाईंच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यावर माशी बसली होती. त्यांना त्याचा पत्ता नव्हता, कारण ती बाजू अर्धांगवायूने केव्हाच निर्जीव करून टाकली होती. सून सविता उंबऱ्यात उभी राहून पाहत होती. माशी उडाली, पुन्हा बसली आणि सावकाश ओठांच्या आत शिरू लागली. सविताने तोंडाला पदर लावला. मग तोच पदर कमरेला खोचला आणि चुलीवर पाण्याचे भगुणे चढविले.

“काय करायलीस?” तिचा नवरा आश्रुबा ओट्यावरून म्हणाला. “साहेब आज येणार हायत.”

“येऊ द्या. मला हे बघवंना.”

म्हातारीला असे घाणीत ठेवण्याचा हा सारा प्रकार बन्सीधरच्या सल्ल्याने चालला होता. देवगाव फाट्यावर त्याचे झेरॉक्सचे दुकान होते आणि आसपासच्या अपंगांना, विधवांना तो सरकारी मदतीच्या वाटा दाखवीत असे. गतवर्षी पडताळणीस आलेल्या साहेबांनी म्हातारीचे तेल लावलेले केस, धुतलेले लुगडे आणि सारवलेली जमीन पाहिली होती आणि ‘लाभार्थी सुस्थितीत’ असा शेरा मारला होता. निराधार योजनेचा महिन्याचा पगार त्या शेऱ्याने बंद झाला. पगाराबरोबर गोळ्या बंद झाल्या. पोळ्याच्या सुमारास दुसरा झटका आला आणि काठी टेकीत अंगणापर्यंत येणारी ती बाई कायमची खाटेला खिळली. गोळ्या पुन्हा चुकल्या तर तिसरा झटका शेवटचा ठरेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. म्हणून बन्सीधरने पगारासाठी नवा अर्ज भरून दिला होता आणि आज त्याची पडताळणी होती.

“आजारी माणूस कागदावरून कळत न्हाई, आश्रुबा,” बन्सीधर हसत म्हणाला होता. “वासावरून कळतंय.”

त्यानुसार दोन दिवस म्हातारीला अंघोळ घातली गेली नाही. केस विंचरले गेले नाहीत. गुरांच्या गोठ्यातली गोधडी आश्रुबाने स्वतः आणून आईच्या अंगाखाली सारली आणि ती सारताना त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिले नाही. अंथरूण खराब होऊ द्या, असेही बन्सीधर बजावून गेला होता. तेवढी गोष्ट मात्र चांगुणाबाईंनी होऊ दिली नाही. दोन झटक्यांनी पाय गेले, वाचा निम्मी गेली, परंतु अंथरुणात त्यांनी आजवर एकदाही घाण केली नव्हती. “सवे” अशी हाक वेळेवर येई आणि सविता भांडे घेऊन धावे. त्या देहावर त्यांची एवढीच सत्ता उरली होती.

सविताने गोधडी काठीने उचलून उकिरड्यावर फेकली. सासूला ऊन पाण्याने अंघोळ घातली. पाठीला लागलेली गोठ्यातली घाण घासून काढली. पांढरी चादर अंथरली, केसांना तेल लावून वेणी घातली, खाटेखालची जमीन सारवली. आश्रुबा ओट्यावरून हलला नाही. पगार पुन्हा हुकला आणि मायचे काही बरेवाईट झाले तर ते पाप तुझ्या माथी, एवढे मात्र त्याने ऐकविले. गतवर्षीच्या शेऱ्याचे पाप सविता आधीच मनातल्या मनात आपल्या माथ्यावर घेऊन बसली होती. चांगुणाबाईंनी सर्व ऐकले. त्यांचे कान शाबूत होते.

दुपारी साहेब आले. मागे बन्सीधर होता. स्वच्छ घर पाहताच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी घराची प्रशंसा केली. आजींची देखभाल कोण करतो, असे विचारले. मी करते, असे सविताने मान खाली घालून सांगितले. हिच्यासारखी सून पंचक्रोशीत नाही, असे आश्रुबालाही नाइलाजाने म्हणावे लागले. साहेबांनी खाटेकडे पाहिले. तेल लावलेली वेणी, पांढरी चादर, शांत चेहरा.

“आजी तर चांगल्या दिसायल्यात,” ते म्हणाले. “सांभाळणारी अशी माणसं असताना या निराधार कशा?”

आश्रुबाने हात जोडले. दोन झटक्यांचे कागद त्याने पुढे केले, साहेबांनी ते न वाचताच परत दिले आणि खिशातून मोबाईल काढून त्यावर शेरा लिहिण्यास आरंभ केला. चांगुणाबाई त्यांच्या बोटाकडे एकटक पाहत होत्या.

वास प्रथम साहेबांनाच आला. त्यांचे बोट थबकले. पांढऱ्या चादरीवर पिवळट डाग पसरत गेला आणि खाटेच्या पट्ट्यांतून ताज्या सारवणावर ठिबकू लागला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. ते मागे सरकत अंगणात गेले आणि तेथूनच, मान दुसरीकडे वळवून, त्यांनी कसाबसा फोटो काढला. अवस्था फारच वाईट आहे, पगार चालू होईल, असे रुमालाआडून सांगून ते निघून गेले. जाता जाता बन्सीधरने आश्रुबाच्या पाठीवर थाप मारली. शेवटी ऐकलेस म्हणायचे, असे तो प्रसन्नपणे म्हणाला.

सविता रडत रडत पाणी घेऊन आली. आता अखेरचा ताबाही सुटला, असेच तिला वाटले. तिने चादर ओढली, ओल्या फडक्याने सासूच्या मांड्या पुसल्या आणि तोंडाजवळ वाकून विचारले.

“आत्याबाई, हाक न्हाई मारली? कळलंच न्हाई का तुमाला?”

चांगुणाबाईंनी भिंतीकडे मान वळविली.

“कळलं व्हतं.”