सहा सेल

तेव्हा मी दहा वर्षांची होते. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेलेली अक्का रेडिओवर हवामानाच्या बातम्या वाचू लागली आणि त्याच आठवड्यात आमच्या रेडिओचे चारही सेल उतरले. "या घरात आता नवे सेल यायचे नाहीत," बाबांनी बजावलं.

एका दुपारी अंगात ताप म्हणून मी शाळेतून लवकर घरी आले, तर आतल्या खोलीतून अक्काचा आवाज! बाबा जमिनीवर बसले होते. त्या चार सेलांना टॉर्चमधले दोन जुने सेल जोडून त्यांनी सहांची रांग फूटपट्टीवर दोऱ्याने बांधली होती आणि रांगेच्या दोन्ही टोकांना रेडिओच्या तारा बोटांनी दाबून धरल्या होत्या.

"आवाज वाढवू, बाबा?"

"नको गं. वाढवला की लवकर संपतात. चौघांचं काम सहा जण मिळून करताहेत, त्यांच्यात जीव तो केवढा!"

बातम्या संपल्या. बाबांनी दोरा सोडला आणि सेल एकेक करून खिडकीत उन्हाला ठेवले.

"उद्या त्यांना विश्रांती," ते म्हणाले. "परवा पुन्हा तिच्या बातम्या आहेत."