एक वाजता, डोहाशी

"सफारीच्या गाइडशी लग्न करू नकोस. सिंह दिसला की त्या लोकांना स्वतःची भूक कळत नाही," आई म्हणाली होती. आइकांडेनं ते हसण्यावारी नेलं होतं.

आता ती अरुशातल्या घरी, छोट्या इमानीला पाठीला बांधून, पाहुण्यांच्या सेरेंगेटी सफारीचा बेत लिहीत होती. नवऱ्याच्या, एलिफासच्या, गाडीचे सगळे बेत तीच आखायची, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एलिफासनं खांद्यावरून डोकावून वाचलं. "इमानीची आई, भर दुपारी एक वाजता पाणघोड्यांच्या डोहाशी पाऊण तास? तिथं तेव्हा नुसता वास असतो!"

"असू दे. सावली आहे, बाकं आहेत. डबे तिथंच उघडायचे."

"आणि तेवढ्यात रेडिओवर चित्त्याची खबर आली तर?"

"चित्ता संध्याकाळी दुसरा दिसेल. तुझी साखर तोवर थांबत नाही. मागच्या मोसमात उभ्या गाडीत स्टिअरिंगवर मान टाकलीस, विसरलास?"

"हळू बोल. पाहुण्यांना कळलं तर म्हणतील, आजारी माणूस गळ्यात मारला."

"बरं," ती म्हणाली.

तो पाण्याचे कॅन भरायला गेला, तसं तिनं बेताखाली लिहिलं: 'तुमच्या गाइडला मधुमेह आहे. गाडी तो उत्तम चालवतो, पण जेवण पुढे ढकलतो. एक वाजता त्याला तुमच्या शेजारी बसवा. "मी नंतर खातो" म्हणाला, तर ऐकू नका. निघण्याआधी त्याचा डबा उघडून बघा, रिकामा झालाय ना.'