खिडकीवाला मास्क

माइकपाशी पुन्हा घड्याळकाकाच उभे राहिले आणि शिवणताईंच्या डोक्यात तिडीक गेली.

शाळेच्या हॉलमध्ये सभा चालू होती. दुकानांत आणि बसमध्ये मास्क सक्तीचा करायचा की नाही, एवढाच प्रश्न. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पण दोन सभा झाल्या तरी घोंगडं भिजतच होतं. एकाला मास्कमध्ये गुदमरत होतं, दुसऱ्याला एकदम स्वातंत्र्य आठवलं होतं, आणि एका गृहस्थांच्या चष्म्यावर वाफ धरत होती. ताईंचा नवरा बस चालवायचा. महिन्यापूर्वी तो आठ दिवस ऑक्सिजनवर होता. आता पुन्हा कामावर गेला होता आणि उघड्या तोंडाची माणसं त्याच्या मानेवर खोकत होती. पुन्हा आजारी पडला तर फुप्फुसं साथ देणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ताईंना दुसरं काही सुचत नव्हतं.

घड्याळकाकांचं बाजारात घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. एरवी शांत माणूस. पण माइक हाती आला की अध्यक्षांकडे चक्क पाठ करायचे आणि दुसऱ्या रांगेतल्या बायकोकडे बघून बोलायचे. तेही एकेक शब्द तोंड मोठं उघडून, बालवाडीचा वर्ग घ्यावा तसे.

"नियम जरूर करा. पण सरसकट नको. थोडी सवलत ठेवा. काही माणसांना समोरच्याचा चेहरा दिसावा लागतो."

"कुणाला? नावं सांगा की!" ताई जागेवरून ओरडल्या.

काकांनी बायकोकडे पाहिलं. तिनं हलकेच नकारार्थी मान हलवली.

"ते नाही सांगता येणार," काका म्हणाले.

हॉलमध्ये गोंधळ माजला आणि सभा तिसऱ्यांदा पुढे ढकलली गेली.

"घरातून हुकूम सुटतो, हे इथे येऊन बोलतात," ताई रात्रीच्या जेवणाला बसल्या तरी धुमसत होत्या. "ती काकू तर काय, महाराणी! परवा मागून तीन हाका मारल्या. वळून बघेल तर शपथ."

"पूर्वी तशी नव्हती गं," नवरा म्हणाला. "बसमध्ये चढली की माझ्या तोंडाकडे बघून छान बोलायची. मी मास्क लावायला लागलो तेव्हापासून काही विचारलं तरी उत्तर देत नाही. नुसती हसते आणि आत जाऊन बसते."

"बघा! तुमच्या मास्कचाच राग आहे तिला."

नवऱ्याला खोकल्याची उबळ आली. ताईंनी पुढचं बोलणं गिळलं आणि पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.

दोन दिवसांनी घड्याळकाका स्वतःच ताईंच्या शिवणाच्या दुकानात आले. काकू बाहेर फुटपाथवर थांबली. काकांनी एक कागद काउंटरवर पसरला. त्यावर मास्कची आकृती होती, रेखीव अक्षरात मापं लिहिलेली होती. तोंडाच्या जागी चौकोन कापलेला. सोबत त्यांनी स्वतः वेडावाकडा शिवलेला एक नमुनाही होता. चौकोनात पारदर्शक प्लास्टिक बसवलेलं.

"असे पन्नास हवेत, ताई. जमेल?"

ताईंनी नमुना उलटसुलट करून पाहिला. मशीनवर रात्रंदिवस मास्क शिवून त्यांची पाठ मोडली होती आणि हे गृहस्थ मास्कलाच खिडकी पाडून आणत होते!

"थट्टा करायला आलात माझी? माझा नवरा मरता मरता वाचलाय!"

"थट्टा नाही हो. मी काय म्हणतो..." काकांनी काचेतून बाहेर बायकोकडे पाहिलं. तिला बहुतेक कळलं असावं. तिची मान पुन्हा हलली. "असू द्या. तुम्हाला त्रास दिला."

ते कागद घेऊन गेले. नमुना मात्र काउंटरवरच राहिला.

चौथ्या सभेला ताई तो पर्समध्ये घालूनच गेल्या. आपली पाळी आली तसा त्यांनी तो उंच धरला.

"तुम्ही आम्ही इथे जिवाच्या आकांतानं बोलतोय, आणि घड्याळकाकांनी काय शिवून आणलंय बघा! मास्कला खिडकी! हवा खायला!"

सगळा हॉल खो खो हसला. मागून कुणीतरी विचारलं, "पडदा कुठल्या रंगाचा लावायचा?" पुन्हा हशा. काकू इकडेतिकडे मास्क लावलेल्या चेहऱ्यांकडे बघत राहिली. लोकांचे खांदे हलताना दिसले तशी तीही हसली, सगळ्यांच्या नंतर.

काका खाली मान घालून बसले होते. त्या दिवशी ते माइकपाशी गेलेच नाहीत.

नियम मंजूर झाला. सरसकट, सवलत कुणालाच नाही. ताईंना रडूच आलं. कितीतरी दिवसांनी त्या शांत झोपल्या.

सोमवारी नियम लागू झाला. बेकरीपुढच्या रांगेत एकही तोंड उघडं नव्हतं. ताईंनी शिवलेले मास्क त्यांना लांबूनही ओळखू येत होते. ऊर भरून आला. त्यांच्या पुढे नेमकी काकू उभी होती. एकटीच.

"कुठला पाव देऊ?" बेकरीवाल्यानं विचारलं.

काकू गप्प.

"अहो काकू, कुठला पाव?" त्यानं आवाज चढवला. काकू त्याच्या मास्ककडे टक लावून बघत होती. रांगेतून कुणीतरी वैतागून "च्" केलं.

"आज तरी मिजास सोडा की!" ताई मागून म्हणाल्या.

काकू वळली नाही. तिनं पिशवीतून एक पुठ्ठा काढला, काउंटरवर ठेवला आणि शेजारी पेन्सिल ठेवली. ताईंनी खांद्यावरून डोकावून पाहिलं. अक्षर ओळखीचं होतं. मापांच्या कागदावरचंच, तसंच रेखीव.

"मला ऐकू येत नाही. आजवर तुमचे ओठ बघून भागत होतं. कृपया लिहून सांगा."