शाळेत भेटू

"तू जा. मी येत नाही," सासरे म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

सून शिवणयंत्र टेबलावर चढवण्याच्या खटाटोपात होती. रेडिओ सकाळपासून कानीकपाळी ओरडत होता, की साऱ्या टापूत विजांसह वादळी पाऊस होणार, ओढ्यांना अचानक लोंढे येणार, सखल भागातल्यांनी उंचावर जावं. त्यांच्या गल्लीसाठी टेकडीवरची शाळा उघडली होती. शेजारपाजारचे केव्हाच गेले होते.

तिचा नवरा हवामान खात्यात होता. नदीची पातळी बघायला तो सकाळीच जीप घेऊन वरच्या अंगाला गेला होता. एरवी सासरे त्याची टर उडवायचे. "हा पाऊस म्हणाला की मी चादरी वाळत घालतो." आजही चहा पिताना त्यांनी ते ऐकवलं होतं. दुपारपासून मात्र तोंडाला कुलूप. जेवणाचं ताटही तसंच राहिलं होतं. म्हातारा जीव विजांनी धास्तावला असेल, असं तिला वाटलं.

नवऱ्याचा फोन लागत नव्हता. तुम्हाला काही फोन आला का, असं तिने सासऱ्यांना विचारलं. त्यांनी आपला फोन खिशात सरकवला आणि आज रेंजचं काही खरं नाही म्हणाले.

पाणी उंबरा ओलांडून आत आलं. तिने विनवण्या केल्या, रागावून पाहिलं. शेवटी तीही खाटेवर बसली.

"तुम्हाला इथे टाकून गेले तर ह्यांना काय तोंड दाखवू?"

सासऱ्यांनी डोळ्यांवर हात धरला. पण जागचे हलले नाहीत.

मग तिला सुचलं. ती स्वयंपाकघरात गेली, बंद फोन कानाला लावून मोठमोठ्याने बोलली आणि हसतच बाहेर आली.

"बाबा, ह्यांचा फोन होता. शाळेत पोचलेत. तुम्हाला घेऊन ये म्हणाले."

सासरे तिच्याकडे बघत राहिले. कितीतरी वेळ.

"आणखी काय म्हणाला?"

"लवकर या म्हणाले."

"बरं. चल मग."

आणि ते उठले. थाप इतक्या सहज पचेल, असं तिला वाटलं नव्हतं.

गल्लीत पाणी गुडघ्यांवर चढलं होतं. कधी सुनेच्या हाताला हात न लावणाऱ्या सासऱ्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. वळणावर तिचा पाय निसटला, तेव्हा त्यांनीच तिला ओढून काढलं. शाळेच्या पायऱ्या चढता चढता मागून गडगडाट आला. तो विजेचा नव्हता. दोघांनी वळून पाहिलं. गढूळ लोंढा गल्लीत घुसला आणि त्यांच्या घराचं छप्पर बघता बघता वाहून गेलं.

वर्गात ओल्या माणसांची दाटी होती. सासरे भिंतीला टेकून बसले. दारातून रेनकोटवाला कुणी आला, की सून मान उंचावून बघायची. सासऱ्यांनी मात्र एकदाही वर पाहिलं नाही. पोरगा कुठाय, असंही विचारलं नाही. ते न विचारणंच तिला खाऊ लागलं.

"बाबा, ह्यांचा फोन आलाच नव्हता," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही उठत नव्हता, म्हणून थाप मारली. पूल बंद असेल, अडकले असतील. येतीलच."

"मला माहीत होतं."

"मग आलात कसे?"

"मी उठलो नसतो, तर तूही उठली नसतीस, पोरी."

त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दुपारी आला होता फोन. मला. त्याच्याच नंबरवरून," ते म्हणाले. "बोलणारा तो नव्हता."