खालचा मजला

संस्थेच्या अध्यक्षांनी ट्रे गदागदा हलवला. हा भूकंप. खालच्या गोट्या खडखडल्या, पण ट्रेमधली पुठ्ठ्याची शाळा जागची हलली नाही. हॉलभर टाळ्या पडल्या.

"बघा! आपली शाळा कशी भक्कम आहे!" अध्यक्ष पालकांकडे वळून म्हणाले.

विज्ञानाच्या बाई ट्रेमधल्या खांबांकडे बघत होत्या. काल वर्गात मुलींनी हीच शाळा हलवून पाहिली होती. वरच्या मजल्यांना भिंती आणि तळमजल्याला नुसते स्ट्रॉचे खांब. कारण अध्यक्षांच्या हौसेखातर हा हॉल काढायला खऱ्या शाळेच्याही खालच्या भिंती पाडल्या होत्या. पहिल्याच हिसक्याला खांब मुडपले आणि वरचे मजले अख्खेच्या अख्खे खाली बसले. मुलींना भूकंप कळला. मुख्याध्यापकांना आजचा कार्यक्रम तेवढा दिसला. संध्याकाळी त्यांनी प्रत्येक स्ट्रॉमध्ये जाड तार खुपसली आणि वर बाईंनाच म्हणाले, "पाहुण्यांसमोर शोभा नको. तुम्ही फक्त हसतमुख राहा."

आता ते अध्यक्षांच्या कानाशी लागून हात चोळत होते. त्या लाळघोट्या हसण्याची बाईंना किळस आली.

"मग काय, सर," अध्यक्ष म्हणाले, "वर आणखी एक मजला चढवायला हरकत नाही!"

पुन्हा टाळ्या. पुढे सतरंजीवर बसलेल्या बालवर्गानेही वाजवल्या. त्यांचा वर्ग रोज याच हॉलमध्ये भरत असे.

बाई तरातरा पुढे गेल्या. शाळा उचलली, खालून एकेक तार उपसली आणि मुख्याध्यापकांच्या हातात कोंबली.

"ह्या सरांनी काल घातल्या. खऱ्या खांबांना असला आधार कुणी दिलेला नाही." त्यांनी शाळा परत ट्रेमध्ये ठेवली. "आता हलवा, साहेब."

"बाई, शुद्धीवर आहात ना?" मुख्याध्यापक कुजबुजले.

अध्यक्षांनी हात मागे घेतला. मग बाईंनीच हलवला. तळमजला मिटला, वरचं सगळं धप्पकन त्यावर बसलं.

कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्षांनी एकदा छताकडे पाहिलं. मग घाम पुसत ते दाराबाहेर पडले आणि थेट मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मुख्याध्यापक त्यांची खुर्ची उचलून मागोमाग धावले.

"छान उपक्रम आहे!" अध्यक्ष तिथूनच ओरडले. "मुलांना उठवू नका, बाई. चालू द्या तुमचं."