वरून ओतलेलं पाणी

चाकानेत्सांनी हात बुडवायला पुढे केले, तशी नेत्साईने पाण्याचं तसराळं मागे ओढलं.

"मोठे मामंजी, एकाच पाण्यात सगळ्यांनी नको," गुडघ्यांवर बसलेली नेत्साई मान खालीच ठेवून म्हणाली. "मी जगने वरून ओतते. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय."

मागे गावचे पुरुष जेवणासाठी खोळंबले होते. थोरल्याने आधी हात धुवायचे, मग तेच तसराळं शेवटच्या माणसापर्यंत फिरायचं आणि सगळ्यांनी एका ताटातला सादझा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, खायचा. चाकानेत्सांच्या धाकट्या भावाला, नेत्साईच्या सासऱ्याला, तोबाइवाला, ते नुकतेच पुरून आले होते. कॉलऱ्याने गेला होता.

"माझ्या भावाच्या मातीला आलेली माणसं घाणेरडी आहेत का?" चाकानेत्सा म्हणाले. "ठेव ते खाली, सूनबाई."

नेत्साईने तसराळं उचललं, झाडाखाली पालथं केलं आणि घरात गेली.

बाहेर आली तेव्हा डोक्यावर टोपी होती, हातात काठी, काखेत पाण्याचा जग. सासऱ्याचे कपडे दवाखान्याने जाळले होते. म्हणून टोपी नवऱ्याची होती. चाल मात्र तोबाइवाची, डावा पाय ओढत. चुलीपाशी बायका खुदखुदल्या. रीतच होती: मयताच्या घरी सून गेलेल्या माणसाची नक्कल करते, थोरांना टोमणे मारते. त्या दिवशी तिच्यावर कुणी रागवायचं नसतं.

"काय रे दादा," ती तोबाइवाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "जन्मभर मटणाचा मोठा तुकडा आधी तू उचललास. एकदाच मी पुढे गेलो, तर तेही बघवेना? लगेच माझ्यामागे निघालास?"

पुरुषांत हशा पिकला.

"आणि ही सगळी पलटण सोबत आणलीस, तर मी तिथे बसू कुठे?"

ती चाकानेत्सांसमोर वाकली, जग तिरका धरला.

"हात पुढे कर, दादा."

हशा थांबला. सुनेपुढे चाकानेत्सांना हार मानता येत नव्हती. भावाचं ऐकता येत होतं.

त्यांनी हात पुढे केले. मागे बसलेल्यांनी बाह्या वर सारल्या.

"सावकाश ओत, तोबाइवा," ते म्हणाले. "तुझीच माती आहे हाताला."